मुल्या

सोव्हिएत अभिनेत्री फाइना रानेव्हस्काया यांचा पहिला सिनेमा मूकपट होता. मोपासांच्या कथेवर मिखाईल रोम यांनी १९३४ साली काढलेला ‘पिश्का’. पडद्यावर नुसते ओठ हलायचे होते, तरी बाईंनी म्हणे मूळ फ्रेंच गोष्ट मिळवून आपल्या वाट्याचे संवाद पाठ केले. जे कुणाला ऐकूच जायचं नाही, ते घोकून घोकून पाठ!

पुढे जे ऐकू गेलं, ते मात्र जन्मभर पुरलं. १९३९ साली तयार झालेल्या ‘पद्किदिश’मध्ये घरातून एकटीच सटकलेली एक चिमुरडी मॉस्कोभर हिंडते. ती भेटताच ल्याल्या नावाची एक दांडगी बाई, म्हणजे रानेव्हस्काया, तिला घरी न्यायलाच निघते. सोबत नवरा, मुल्या. तो बिचारा तोंड उघडतो न उघडतो तोच बाई कडाडतात, ‘मुल्या, माझं डोकं नको उठवूस!’ मला रशियन ओ की ठो कळत नाही, पण त्या नवऱ्याचा चेहरा पाहिल्यावर कळायचं काही उरलंच नाही.

झालं! रस्त्यात बाई दिसल्या की पोरं ‘मुल्या’ ओरडत मागे लागायची. बाई मूळच्या फेल्डमन, जन्म १८९६चा, गाव चेखोवचंच, तगानरोग. रानेव्हस्काया हे नाव त्यांनी चेखोवच्याच नाटकातल्या, चेरीची बाग गमावणाऱ्या मालकिणीचं उचललं. एवढ्या हौसेनं निवडलेलं नाव, आणि हाक मात्र नवऱ्याच्या नावाची, तीही सिनेमातल्या.

‘इव्हान द टेरिबल’साठी दिग्दर्शक आइझेनश्टाइनना त्याच हव्या होत्या. पण क्लोजअपमध्ये चेहरा ज्यू दिसतो, म्हणून वरून नकार आला. चेहरा वरच्यांना चालला नाही, वाक्य चाललं. १९७६ मध्ये लेनिन पदक देताना खुद्द सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हनी ‘मुल्या’ म्हटलं, असं सांगतात. त्यावर बाई म्हणे एवढंच बोलल्या, की असं मला फक्त गल्लीतली टवाळ पोरं चिडवतात.

मधे कार्लसनच्या कार्टूनमध्ये फ्रेकेन बोक या पात्राला त्यांनी आवाज दिला. पहिल्या सिनेमात चेहरा होता, आवाज नव्हता. इथे नेमकं उलटं.

म्हातारपणी त्यांनी रस्त्यावरचा एक कुत्रा घरी आणला. त्याचं नाव ठेवलं माल्चिक, म्हणजे पोरगा. मॉस्कोतल्या सगळ्या पोरांत बाईंना ‘मुल्या’ न म्हणणारा बहुधा तो एकटाच.