आण्णांचा कान

कोल्हापुरात गाडी पुढून वाजायला लागली की माणूस थेट गॅरेजात जात नाही. आधी आण्णांना ऐकवून घेतो. असे आण्णा प्रत्येक पेठेत एक असतातच. शिवाजी पेठेत असतात, मंगळवारात असतात, कसबा बावड्यात दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. आण्णा मिस्त्री नव्हेत. त्यांना गॅरेज नाही, हाताला ऑइल नाही, पुष्कळदा स्वतःची चारचाकीही नाही. असली तर एक जुनी स्कूटर, जी गल्लीच्या तोंडाशी आली की घरात वहिनी चहाचं आधण टाकतात. आण्णांची सगळी इस्टेट म्हणजे दोन कान.

आमचे आण्णा सकाळी दहाच्या सुमारास उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर सापडतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि पेनाशेजारी एक लांबलचक स्क्रूड्रायव्हर. त्याने त्यांनी आजवर एकही स्क्रू पिळलेला कुणी पाहिलेला नाही. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, एवढ्यासाठी तो आहे. गाडी येऊन थांबली की ते उतरणाऱ्या माणसाकडे बघत नाहीत, पुढच्या चाकाकडे बघतात.

"आण्णा, पुढनं आवाज येतोय बघा."

"कसला?"

"खडखड."

"खडखड ऊसाच्या ट्रॉलीला येतीय. नीट सांग. कटकट का खुळखुळ? का नुसतं टक्... टक्...?"

इथून पुढे जे घडतं ते बघायला मी वाट वाकडी करून जातो. कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स शिकवणारा मनुष्य भर रस्त्यात, हातात चहाचा ग्लास धरून, तोंडाने ‘कट्-कट्-कटाक्’ असा आवाज काढायला लागतो. आण्णा मन लावून ऐकतात. "शेवटचं कटाक् खड्ड्यात जाताना का भाईर येताना?" प्राध्यापक विचारात पडतात, मग पुन्हा पहिल्यापासून काढून दाखवतात. शेजारचा रिक्षावाला आपल्याही रिक्षाचा आवाज काढून दाखवतो, त्याला कुणी विचारलेलं नसताना. एका बँकेचे साहेब तर ‘घूंऽऽऽ’ करण्यात असे रंगले की चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

हसायला ठीक आहे, पण आण्णांचा एकही प्रश्न फुकट गेलेला नसतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ब्रेकवर नुसता पाय ठेवला तर आवाज थांबतो का? थांबला तर ते कपाळाला हात लावतात, स्वतःच्या नव्हे, गाडीवाल्याच्या. "पॅड बदललंस न्हवं हल्ली? पॅड नवीन घाटलं आणि क्लिपा टाकून दिल्या असणार त्यानं." डिस्क ब्रेकचं पॅड ब्रॅकेटमध्ये घट्ट धरून ठेवायला स्टीलच्या बारीक स्प्रिंग-क्लिपा असतात. हाताला लागल्या तर ‘ह्या कशाला आणि?’ असं वाटावं इतक्या किरकोळ. घाईतल्या माणसाला खरंच तसं वाटतं, त्या कोपऱ्यातल्या डब्यात जातात, आणि पॅड प्रत्येक खड्ड्यात नाचायला लागतं. ब्रेक किंचित दाबला की पॅड डिस्कला चिकटतं, नाच थांबतो, आवाज गप्प. कॅलिपरच्या पिना झिजल्या किंवा ग्रीसवाचून कोरड्या पडल्या तरी असंच. बाकीच्यांना हे चाक काढल्यावर कळतं. आण्णांना ते चहाचा दुसरा घोट घ्यायच्या आत कळलेलं असतं.

घुमणारा आवाज असला की प्रश्न बदलतो. "उजवीकडं वळवलास की वाढतोय का?" गाडीवाला म्हणतो, वाढतोय. "मग डावं बेअरिंग." गाडीवाल्याला वाटतं आण्णांची डावी-उजवी चुकली. वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं, म्हणून उजव्या वळणात डावं चाक ओरडतं, हे आण्णा समजावत नाहीत. "तू बदल की आधी," एवढंच. स्टेअरिंग पूर्ण पिळून वळताना टकटक आली तर एक्सलचा जॉइंट. सावकाश जाताना बारक्या-बारक्या खडबडीवर कटकट, आणि जरा वेग घेतला की गायब, तर स्टॅबिलायझरची लिंक. गाडीवाला कागद-पेन काढायला लागला की मात्र आण्णा नाराज होतात. लिहून घेतलेल्या आवाजावर त्यांचा विश्वास नाही.

पावसाळ्यात तर त्यांची चंगळ असते. गगनबावड्याकडून, आंबा घाटातून खडी तुडवत गाड्या येतात, आणि एखाद्याच्या पुढच्या चाकातून अचानक असा करकर आवाज सुरू होतो की तो बायकोला फोन करून सांगतो, गाडी गेली. आण्णा म्हणतात, "रिवर्स घे. आणखी घे. आता एक ब्रेक मार." टण् करून बारका खडा खाली पडतो. डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात तो अडकलेला असतो. फी एक चहा. खडा आण्णा खिशात टाकतात. का टाकतात, हे विचारण्याची सोय नाही.

हा कान आला कुठून, हे ज्याला उद्यमनगर माहीत आहे त्याला सांगावं लागत नाही. शेतावरच्या ऑइल इंजिनांनी या भागाचं नाव केलं, मग गाड्यांच्या सुट्या भागांची कास्टिंगं आली, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या उभ्या राहिल्या. आण्णा त्यातल्याच एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला होते. काम काय, तर साच्यातून निघालेला, साफ केलेला ब्रेक ड्रम टांगायचा, त्यावर हातोडी हलकेच मारायची आणि ऐकायचं. धडका असेल तर वाजतो, चीर असेल तर बद् बोलतो. दिवसभर हेच. आण्णांच्या म्हणण्याप्रमाणे मशीन येण्याआधी त्यांचा कान हेच खात्याचं मशीन होतं. ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क ग्रे आयर्नची का करतात, हे त्यांना विचारा. त्या लोखंडाच्या पोटात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, ते थरथर गिळून टाकतात. म्हणून बिडाची डिस्क कमी किंचाळते. "आमचं बीड सोशीक असतंय," ते म्हणतात, आणि तो सोशिकपणा जणू आपणच त्यात ओतला होता अशा चेहऱ्याने ग्लास खाली ठेवतात.

डिस्क ब्रेकची कुळकथा मी त्यांना एकदा सांगितली. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 साली त्याचं पेटंट घेतलं. पॅड तांब्याचं होतं, आणि ब्रेक दाबला की धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज व्हायचा की गाडी थांबायच्या आधी माणसं थांबायची. पुढे हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावून ते किंचाळणं आटोक्यात आणलं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. शोध, पेटंट, साल, यांतलं काही त्यांना लागलं नाही. "म्हंजे ब्रेकच्या आधी आवाज आला," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "त्यो लँचेस्टर हिकडं आला असता तर एका चहात सुटला असता."

आण्णांची खरी मैफल म्हणजे ट्रायल. ते पुढच्या सीटवर बसतात आणि गाडीचं देऊळ करतात. रेडिओ बंद. एसी बंद. काचा खाली. चप्पल वाजते म्हणून काढून ठेवा. किल्लीचा जुडगा खिशात. मागे बसलेल्या बाईसाहेबांना बांगड्या धरून बसायला सांगणारा कोल्हापुरातला हा एकमेव पुरुष असेल. मग विद्यापीठाच्या कंपाउंडकडे गाडी न्यायची आणि भिंतीच्या कडेकडेने सावकाश चालवायची, कारण भिंत आवाज परत फेकते आणि चाकात काय चाललंय ते खिडकीतून आत येतं. "आता कुणी बोलायचं न्हाई," आण्णा सांगतात, आणि शेंडा पार्कापर्यंत कुणी बोलत नाही.

आणि आवाज येत नाही.

हा अनुभव सगळ्यांचा आहे. महिनाभर डोकं उठवणारा आवाज, जाणकार आत बसला की पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा गुणी होतो. गाडीवाला रडकुंडीला येतो. "आईच्यान् सांगतो आण्णा, सकाळी येत होता!" आण्णा शांत असतात. त्यांना ठाऊक असतं की आपलं ऐंशी किलो वजन बसल्यावर सस्पेन्शन दबलंय, आणि इथवर येईस्तोवर ब्रेक तापून पॅड फुगलंय. "तू उद्या येकटाच चालव. गार गाडी. मी रस्त्याकडंला हुबारतो." दुसऱ्या दिवशी सहाला ते खरंच उभे असतात, मफलर गुंडाळून, एक कान उघडा ठेवून.

बावड्याच्या आण्णांना हे सगळं थोतांड वाटतं. ते हाताचे. गाडी जॅकवर घ्यायची, चाक वर-खाली धरून हलवायचं, हललं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट. दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं, हललं तर स्टेअरिंगचा रॉड. ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गायले, तिथे घराण्याचा अभिमान असायचाच. आमचे आण्णा बावडा घराण्याबद्दल एकच वाक्य बोलतात: "बहिऱ्याला जॅक लागतोच."

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरबद्दल ते एवढंही बोलत नाहीत. तिथे एक तरणा पोरगा लॅपटॉप जोडतो आणि सांगतो, कॉम्प्युटर म्हणतोय गाडीत काही दोष नाही. त्याचंही चूक नाही. सेन्सर जिथे आहे तिथलंच कॉम्प्युटर सांगणार, आणि निसटलेल्या क्लिपेला सेन्सर नसतो. पण गाडीवाला बिल भरून, धुतलेली गाडी घेऊन बाहेर पडतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला ती वाजते, तेव्हा चहाच्या गाड्यावर आण्णांचे डोळे जे चमकतात ते चमकतात.

पडझड त्यांचीही होते. जोतिबाहून आलेल्या एका गाडीचा डावीकडून येणारा ‘गुडुप-गुडुप’ आवाज त्यांनी आठवडाभर ऐकला. लिंक रॉड बदलायला लावला, लोअर आर्मचे बुश बदलायला लावले, स्ट्रटच्या माउंटिंगवर संशय घेतला. शेवटी गाडी धुवायला घेतली तेव्हा पुढच्या सीटखालून देवाचा नारळ निघाला, गुलालासकट. सगळा गाडा हसला. आण्णांनी नारळ हातात घेतला, कानाजवळ हलवला, आणि म्हणाले, "पाणी हाय आजून. आणि लिंक रॉड गेलाच हुता."

घरी मात्र त्यांना काही ऐकू येत नाही. स्वयंपाकघरातला मिक्सर वर्षानुवर्षं जात्यासारखा घरघरतो, पंख्याला टकटक आहे, न्हाणीघराचं दार कुरकुरतं. वहिनींनी एकदा सर्वांसमोर विचारलं, गावाचं ऐकता, आमचं कधी ऐकणार? आण्णांनी मान वर केली आणि विचारलं, "काय म्हणालीस?" त्यांनी मुद्दाम विचारलं की खरंच, यावर गल्लीत अजून दोन मतं आहेत.

मध्यंतरी पलीकडच्या गल्लीत इलेक्ट्रिक गाडी आली. आता आण्णांचं दुकान बसलं, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. मालक मुद्दाम दाखवायला आला. "बसा आण्णा. काय ऐकू येतंय का बघा." आण्णा बसले. रंकाळ्याला एक फेरी झाली. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की त्यांना पेन्शनची थकबाकी मिळाली असावी असं वाटलं.

"काय शांतता हाय मर्दा! इंजनाचा गोंगाट गेला, आता खरं ऐकू येतंय. डाव्या लिंकला बारीक कटकट हाय. नंबरप्लेट हलतीया. मागच्या पट्ट्याचं बक्कल दाराला लागतंय. आणि सकाळी पहिल्या ब्रेकला खर्र येतंय का न्हाई?"

येत होतं. गाडी मोटरनेच हळू होते, ब्रेकचा वापर कमी, त्यामुळे पावसाळ्यात डिस्कवर रात्रीतून गंज धरतो आणि पहिल्या दाबाला तो घासून निघतो. यातला एकही आवाज मालकाला तोवर ऐकू आलेला नव्हता. आता तेवढेच ऐकू येतात. गाणी लावायचं त्याने सोडलंय. बायकोला गाडीत बोलू देत नाही. रोज सकाळी दहाला तो गाड्यावर हजर असतो.

"आण्णा, पाचवा सापडला."

आण्णा ग्लास बाजूला सरकवतात. "काढून दाखव."