दोन क्रेडिटांचा कांदा

निवृत्त माणसाला दोन ठिकाणांहून हमखास बोलावणं येतं : सोसायटीची कमिटी आणि जून-जुलैतला प्रवेश मार्गदर्शन कक्ष. मी दुसरं पत्करलं, कारण तिथं चहा मिळतो. कक्ष म्हणजे जिन्याखालचं एक टेबल, त्यावर पालकांच्या ओल्या छत्र्या आणि भिंतीला चिकटपट्टीनं लावलेला ‘हेल्प डेस्क’ असा कागद. आयुष्यभर बॉटनी शिकवल्यामुळे जीवशास्त्राच्या वाटेला जाणाऱ्यांची रांग माझ्यापुढे लावतात. अलीकडे तर त्या वाटेवर चुकून आलेल्यांचीही. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे लेखी मार्गदर्शन. टेबलावरून उचलून नेऊ नये. झेरॉक्सवाला गेटसमोरच आहे.

सर्वांत आधी आपण कोण, हे ठरवून या. पूर्वी हे सोपं होतं. अकरावीला बायो ठेवलं की डॉक्टर, मॅथ्स ठेवलं की इंजिनिअर आणि दोन्ही ठेवलं की घरात अजून एकमत झालेलं नाही, असं समजायचं. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचा प्रश्नच नसे. त्यांचा जीवसृष्टीशी असलेला संबंध दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’बरोबर रद्दीत जायचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ही सोय काढून घेतली. २०२४-२५ पासून ते आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांतही लागू झालं आणि त्याच्याबरोबर ओपन इलेक्टिव्ह (ओई) आलं, म्हणजे स्वतःच्या शाखेबाहेरचा विषय. परिणामी बीकॉमची मुलगी ताळेबंद मिटवून अळिंबीच्या तासाला येते आणि इतिहासवाला मुलगा औषधी वनस्पतींची यादी पाठ करतो. तेव्हा माझ्या टेबलापाशी आता दोनच जाती उरल्या आहेत : मेजरवाले, म्हणजे हाच मुख्य विषय घेणारे, आणि ओईवाले. दोघांना मी वेगवेगळे सल्ले देतो आणि दोघंही ते ऐकत नाहीत.

मेजरवाल्यांपैकी बरेच जण खरं तर प्रवेश घेत नसतात, गाडी लावून ठेवत असतात. नीट रिपीट करायची असते आणि ‘सेफ्टीला बीएस्सीला नाव घालून ठेवू’ असं काकांनी सांगितलेलं असतं. या मुलांना विषय विचारू नये. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, त्यामुळे त्यांना सगळं जीवशास्त्र चार पर्यायांतच दिसतं. दारातल्या झाडाचं नाव विचारलं तर ‘ऑप्शन काय आहेत?’ असं विचारतात. एकानं मला हे खरोखर विचारलं आहे. झाड आंब्याचं होतं.

जे मनापासून आलेत, त्यांनी विभाग निवडताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात. मायक्रोबायोलॉजीसाठी नाक मजबूत लागतं आणि वाट बघायची तयारी लागते. तिथला ऑटोक्लेव्ह हा घरच्या कुकरचाच थोरला भाऊ : १२१ अंश सेल्सिअस, १५ पाउंड दाब, १५ मिनिटं, फक्त शेवटी वरणभात निघत नाही. ई. कोलाय नावाचा जीवाणू मनासारखं खायला मिळालं तर दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. आपलं प्रॅक्टिकल मात्र पुढच्या मंगळवारीच असतं. तोपर्यंत त्या बिचाऱ्याला फ्रिजमध्ये बसवून ठेवतात. बायोटेक्नॉलॉजी बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणजे फी ऐकून पालक आधी खुर्ची शोधतात. तिथं पहिल्याच वर्षी डीएनए काढायला शिकवतात. हाच डीएनए केळं कुस्करून, त्यात मीठ आणि भांडी घासायचा साबण घालून, गाळून, वरून गार अल्कोहोल सोडलं की घरीही निघतो. पांढरे धागे वर तरंगतात. ही माहिती फी भरून झाल्यावरच सांगावी, असा आमचा अलिखित संकेत आहे.

झूलॉजीला घाबरून कुणी बॉटनीकडे येत असेल, तर त्याला परत पाठवा. एके काळी बेडूक आणि झुरळ यांच्याशिवाय प्राणिशास्त्राचं पान हलत नसे. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हॉस्टेलची मुलं मेसच्या मोरीत टॉर्च घेऊन झुरळं धरत. एरवी तीच मुलं रात्री पाणी प्यायला एकटी उठत नसत. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं. आता तक्ते, मॉडेलं आणि संगणकाचा पडदा. मोरीत त्या रात्री पेढे वाटले गेले असावेत. आम्हा बॉटनीवाल्यांची गोष्ट निराळी. जास्वंदीचं उभं विच्छेदन आम्ही पिढ्यान् पिढ्या करत आलो, पण तिच्या वतीनं अद्याप कुणी निवेदन घेऊन आलेलं नाही.

‘गणित नको म्हणून बायो घेतोय,’ असं सांगणाऱ्यांना मी बसायला सांगतो, पाणी देतो आणि मेंडेलची हकीकत ऐकवतो. हा मठातला साधू. १८५० साली शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत नापास झाला. मग व्हिएन्नाला जाऊन भौतिकशास्त्र आणि गणित शिकून आला आणि मठाच्या बागेत वाटाणे मोजत बसला. गोल निघाले ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५०. नापास झाल्याचं साल आणि सुरकुतलेले वाटाणे यांचा आकडा एकच, हा निव्वळ योगायोग. परीक्षेत लिहू नये. पण भागाकार करून पाहा. जवळजवळ तीनास एक येतं आणि त्या भागाकारावरच पुढचं सगळं आनुवंशिकीशास्त्र उभं आहे. गणितापासून पळालेला मुलगा दुसऱ्या दारानं काय-स्क्वेअर टेस्टच्या पुढ्यात येऊन उभा राहतो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सुरकुतलेला.

एवढं करून विभाग ठरला की बाकी सगळं जर्नलवर आहे. पालक विचारतात, पुस्तक कोणतं घ्यावं? पुस्तकाचं नंतर बघा. आधी चांगला सिनियर शोधा. मेजरवाल्याचं जीवशास्त्र म्हणजे सिनियरचं जर्नल, एचबी पेन्सिल, खोडरबर आणि शेवटी सर्टिफिकेटवर सही. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली असते, डोळा जर्नलवर असतो. डार्विनला गॅलापागोसपर्यंत जावं लागलं, मी मात्र उत्क्रांती कपाटातल्या जर्नलांत पाहिली. आमच्याकडे कुठल्याशा बॅचमधल्या कुणीतरी कांद्याच्या पेशीच्या आकृतीत ‘सेल वॉल’चं ‘सेल वेल’ केलं. पुढच्या बॅचनं ते इमानानं उतरवलं. पुढे एकानं त्या वेलीला बारीकसा ताणाही काढला. उत्परिवर्तन टिकलं, फोफावलं आणि बरीच वर्षं निर्वेधपणे नांदलं, कारण आम्ही सही करणारेही पान उलटण्यापलीकडे काही करत नव्हतो. मग एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, ‘ही वेल कसली?’ मुलगा शांतपणे म्हणाला, ‘सर, कांद्याची.’ नैसर्गिक निवडीचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही. त्या दिवशी अख्खी बॅच निवडली गेली.

मेजरवाल्यांचं एवढं पुरे. ओईवाल्यांचं शास्त्र वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर जास्त प्रगत आहे.

ओईवाल्यानं अभ्यासक्रमाचा कागद बघूच नये, वेळापत्रकाचा बघावा. शनिवारी तास आहे का? शेवटच्या लोकलच्या नव्हे, पण शेवटच्या थेट एसटीच्या आधी सुटतो का? हजेरी बायोमेट्रिक की मास्तरांच्या स्मरणशक्तीवर? (माझ्या वेळी स्मरणशक्तीवर होती. ओईची मुलं मला फार मान देत.) या तीन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असली, तर विषय ‘परसबाग’ असो की ‘आहार आणि आरोग्य’, डोळे मिटून घ्यावा. ही खास आपली युक्ती आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या कॉलेजांत विज्ञानाबाहेरच्या मुलांना विज्ञानाचा एखादा विषय करायला लावण्याची चाल जुनी आहे आणि तिथल्या पोरांनी भूगर्भशास्त्राच्या असल्या वर्गाला ‘रॉक्स फॉर जॉक्स’ आणि भौतिकशास्त्राच्या वर्गाला ‘फिजिक्स फॉर पोएट्स’ अशी नावं पाडून ठेवली आहेत. पहिलवानांसाठी दगड आणि कवींसाठी भौतिकी. आपल्याकडे अजून बारसं व्हायचं आहे, पण पोरं लागली आहेत कामाला. आमच्या अळिंबीच्या वर्गाला मागच्या बाकावर ‘छत्रीछाया’ म्हणतात.

विषय घेतलाच, तर हिशेब समजून घ्या. दोन थिअरी क्रेडिटं म्हणजे तीस तास. त्यात जीवसृष्टीचा इतिहास बसवायचा. पृथ्वीवर जीव येऊन साधारण साडेतीन अब्ज वर्षं झाली असं धरलं, तर तासाला साडेअकरा कोटी वर्षं पडतात. तुम्ही पाच मिनिटं उशिरा आलात, की कोटभर वर्षं बुडाली. बहुतेक तास नुसत्या एकपेशीय जीवांचे असतात, म्हणून मधल्या काळात वर्ग पेंगतो, त्यात त्याचा दोष नाही. डायनोसॉर मरतात ते शेवटच्या तासाच्या मध्याच्या थोडं आधी. आणि आपण, होमो सेपियन्स, येतो ते घंटा व्हायच्या आधीच्या नऊ-दहा सेकंदांत. त्या वेळी सगळे बॅगा भरत असतात. माझ्या कारकिर्दीत ओईच्या एकाही वर्गानं माणूस पाहिलेला नाही.

निवडीला वाव असेल तर अळिंबी घ्या. याचं कारण शैक्षणिक आहे : प्रॅक्टिकल खाता येतं. भाताचा किंवा गव्हाचा पेंढा भिजवून गरम पाण्यातून काढायचा, निथळला की प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर, मध्ये धिंगरी अळिंबीचं बी पेरायचं, पिशवीला भोकं पाडायची आणि अंधारात ठेवायची. तीनेक आठवड्यांत भोकांतून पांढरट, करडे कान बाहेर डोकावतात. आमच्या पिशव्या स्टाफरूममागच्या अडगळीत असत आणि धिंगरी कधी तयार होते, हे विभागप्रमुखांच्या आधी शिपाईमामांना कळत असे. त्यांच्या घरी त्या दिवशी रस्सा असे. यावरून मेजर आणि ओई यांतला भेद ओळखावा. ‘अळिंबी वनस्पती की प्राणी?’ असं मेजरवाल्याला विचारलं तर तो ‘दोन्ही नाही, कवक’ असं बरोबर सांगतो, दोन गुणांचं. ओईवाली मुलगी विचारते, पेंढ्याची गोणी कितीला, पिशवीमागे किलो किती आणि हॉटेलवाला उधारी किती दिवस ठेवतो. आमच्या अभ्यासक्रमात याला गुण नव्हते.

ज्यांना खाण्यापेक्षा पाठांतर मानवतं, त्यांच्यासाठी राज्याची मानचिन्हं आहेत. शेकरू, हरियाल, ताम्हण. २०१५ पासून नीलवंत फुलपाखरूही; राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. प्रश्न हमखास येतो. ताम्हणाचं झाड आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर आहे आणि मे महिन्यात जांभळं होऊन जातं. मे महिन्यात कॉलेज बंद असतं.

कधी कधी एखादे पालक टेबलावर हात आपटतात. ‘कॉमर्सच्या मुलाला प्राणिशास्त्र शिकून करायचंय काय?’ त्यांच्यासाठी माझ्या खिशात एक नाव कायम असतं. १९१७ साली ब्रह्मदेशातून परतलेला एक तरुण मुंबईत दावर कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला गेला. सेंट झेविअर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्याची खरी ओढ ओळखून त्याला प्राणिशास्त्राकडे वळवलं. सकाळी दावरमध्ये हिशेब, मग झेविअर्समध्ये प्राणी. धोरण यायला एक शतक बाकी असताना या गृहस्थांनी ओपन इलेक्टिव्ह घेतलं होतं, तेही कुणी क्रेडिट देत नसताना. त्यांचं नाव सालिम अली. पालक गप्प होतात. मग मी प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो, की रीतसर पदवी नाही म्हणून भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नव्हती. हे ऐकल्यावर पालक पुन्हा हात आपटतात आणि मुलाला बँकिंगच्या टेबलाकडे घेऊन जातात.

राहता राहिली प्रयोगशाळा. ओईवाल्यांना ती मिळतेच असं नाही. मिळाली तर मेजरच्या बॅचचं उरकल्यावर, उरलेल्या उजेडात. मागच्या वर्षी बदली शिक्षक म्हणून मला असा एक वर्ग मिळाला. साठ मुलं, बारा सूक्ष्मदर्शक, त्यांतल्या सातांचे आरसे शाबूत. कांदे संपले होते, कारण भाव चढले होते आणि लॅब असिस्टंटच्या घरीही स्वयंपाक असतो. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातून दहा रुपयांची हायड्रिला आणली. एक पान, थेंबभर पाणी, वर आच्छादक काच, आणि उजेड नीट पडेल असा आरसा फिरवून दिला.

बीकॉमच्या एका मुलीनं डोळा लावला तो काढेचना. मागची रांग कुरबुरू लागली.

‘सर, आतले हिरवे ठिपके फिरतायत. भिंतीकडेनं, ओळीनं. कोण फिरवतंय?’

मी सांगितलं, की पेशीतला द्रव वाहतो आणि हरितलवकं त्याच्याबरोबर वाहत जातात.

‘म्हणजे दुकानातल्या टाकीतही हे चालूच होतं? आपण बघत नव्हतो तेव्हाही?’

‘हो.’

तेवढ्यात मेजरच्या बॅचमधला एक मुलगा बाजूला येऊन उभा राहिला. हातात जर्नल. हायड्रिलाची आकृती त्यात आधीच पुरी झाली होती, छायांकनासकट.

‘अगं, झालं का तुझं?’ तो म्हणाला. ‘मला फक्त लेन्सवरचं मॅग्निफिकेशन उतरवून घ्यायचंय.’

तिनं डोळा न उचलताच हात वर केला. ‘थांब रे. चालू आहे अजून.’