पॉइंटर लोंबकळला

परळच्या एका टपरीवर परवा दोन पोरं पॉइंटरवरून भांडत होती. कॉम्प्युटर सायन्सवाली. एकाच्या डोक्यात 'डँगलिंग पॉइंटर' काही केल्या शिरेना. दुसऱ्याने कटिंगचा ग्लास खाली ठेवला. "हे बघ, तुझ्या आज्जीची लालबागची चाळ पाडली ना? तिथे आता टॉवर. पण गावच्या काकांच्या डायरीत पत्ता अजून चाळीचाच, खोली नंबर 14. काका तो पत्ता शोधत आले, तर कुणाच्या दारात उभे राहतील? तसंच हे. मेमरी फ्री केलीस, पत्ता खोडला नाहीस."

"म्हणजे लगेच नल करून टाकायचा!" पहिला उजळला.

गिरणगावच्या पोराला पाडलेल्या चाळीची व्याख्या द्यावी लागत नाही.

हाच पोरगा व्हायवाला बसला की 'सर, डँगलिंग पॉइंटर इज अ पॉइंटर दॅट...' इथवर येतो आणि स्वतःच लोंबकळतो. सर शेरा मारतात : कन्सेप्ट क्लिअर नाही.

मग मराठीचे कैवारी धावून येतात. त्यांचा उपाय म्हणजे प्रतिशब्द. पॉइंटरला 'दर्शक' म्हणा, की झालं! दर्शक म्हटलं की पोराला रात्रीची मालिका आठवते, मेमरी नाही.

पोरं काय बोलतात ते तरी ऐका. 'लूप फिरतच राहिलाय', 'अ‍ॅरेत ढकल', 'फंक्शनमधून काय परत येतंय?' नामं इंग्रजी, प्रत्यय आणि क्रियापदं मराठी. नाम पाठ करता येतं. क्रियापद समजल्याशिवाय तोंडात येत नाही.

2021मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पीसीसीओई या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी मराठीतून सुरू झाली. चांगलंच झालं. पण इकडे इंग्रजी, तिकडे मराठी अशा दोन खिडक्या उघडल्या, तरी टपरीवरच्या भाषेचा फॉर्म कुठल्या खिडकीत भरायचा? बाळशास्त्री जांभेकरांनी 1832मध्ये याच मुंबईत 'दर्पण' काढलं, तेव्हा इंग्रजी आणि मराठीचे स्तंभ शेजारी-शेजारी छापले. दोन भाषा एका पानावर मावल्या. व्हायवाच्या खोलीत काही मावत नाहीत.

तिथला प्रोजेक्टर अडला, की मात्र तेच सर शिपायावर ओरडतात, "अरे, हँग झालाय तो! बंद करून परत चालू कर!"

कन्सेप्ट अगदी क्लिअर.