रहिमतपूरकरांचा परदेशी शाकाहार

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे-मिरज लोहमार्गावरील गाव असून, तेथील शाकाहारी गृहस्थाच्या परदेशप्रवासाचे पूर्वतयारी, चौकशी आणि उपवास असे तीन टप्पे पाडता येतात. स्थलदर्शन हा चौथा टप्पा या तिन्हींतून वेळ उरल्यास हाती घेतला जातो.

पूर्वतयारी म्हणजे दशम्या, धपाटे, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी यांची बांधाबांध होय, आणि ती उरकल्यावर बॅगेत जी फट राहील तीत कपडे कोंबावेत असा प्रघात आहे. या शिदोरीतील तुपाची बरणी मात्र युरोपच्या विमानतळावर अडते, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाने मांस व दुग्धजन्य पदार्थ सोबत आणू नयेत असा तेथील नियम असल्याने, ज्यांची घरी भांडीसुद्धा वेगळी असतात ते साजूक तूप आणि मटण तेथे एकाच पंगतीला बसतात.

विमानातील जेवणाला चार अक्षरी संकेत असतात. त्यांपैकी ‘एचएनएमएल’ म्हणजे ‘हिंदू जेवण’. त्यात गोमांस वर्ज्य असले तरी कोंबडी, मटण किंवा मासे चालतात, तर भारतीय धर्तीचे शाकाहारी जेवण ‘एव्हीएमएल’, म्हणजे ‘आशियाई शाकाहारी’, या नावाखाली मिळते. परिणामी जो श्रद्धेने धर्म निवडतो त्याच्यापुढे कोंबडी येते, आणि जो नुसता खंड निवडतो त्याचा धर्म टिकतो.

परदेशी उपाहारगृहांत ‘जे दिसत नाही ते नाही’ हे तत्त्व प्रमाण मानले जाते. सॅलडमध्ये हॅम, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, आढळल्याची तक्रार केली असता वाढपी दिलगिरी व्यक्त करून ताटली आत नेतो आणि गुलाबी तुकडे तेवढे वेचून तीच ताटली, काकडीची चकती सरळ करून, हसतमुखाने परत आणतो. फ्रान्समधील कांद्याचे सूप परंपरेने गोमांसाच्या अर्कात शिजते. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो चीजसाठी दूध थिजवायला वासराच्या जठरातील रेनेट नावाचे द्रव्य लागते. थायलंडच्या भाजीत ‘नाम प्ला’ हे माशांचे आंबवलेले पाणी पडते. आणि जपानचे बहुतेक सूप ‘दाशी’वर, म्हणजे समुद्री शेवाळ व वाळवून किसलेला बोनिटो मासा यांच्या काढ्यावर, उभे असते. जपानमध्ये बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ हे शाकाहारी भोजन, झुरिकमध्ये १८९८ पासून चालू असलेले ‘हिल्टल’ हे शाकाहारी उपाहारगृह आणि ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख येथील भारतीय उपाहारगृह हे या मार्गावरील विसावे होत. पैकी शेवटच्या ठिकाणी वरण-भाताचा वास आला की आल्प्सकडे पाठ करून बसण्यात कोणासही वावगे वाटत नाही.

या सर्व खटाटोपाचे फलित मात्र अनपेक्षित आहे. मांसाहारी प्रवासी पुढे आले ते खातो आणि विसरतो, तर शाकाहारी प्रवासी प्रत्येक वाटीची उलटतपासणी करीत असल्याने कोणत्या रश्शात कोणते हाड किती वेळ उकळते हे त्याला तोंडपाठ होते. म्हणूनच पुढे गावातील एखादा मटणाचा शौकीन परदेशी निघाला, की तिकडे काय चुकवू नये हे विचारायला तो या माळकरी गृहस्थाचेच दार ठोठावतो.