सुगरणीचे यजमान

आषाढ लागला की भुकूमच्या शिवारात, खाटपेवाडीकडून राम नदी निघते त्या अंगाला, बाभळींच्या टोकांवर सुगरणीचे खोपे झुलू लागतात. पाखराला आपण नाव दिलं ते बाईमाणसाचं. बहिणाबाईंच्या कवितेनं तो खोपा घरोघरी पोचवला. विणकाम मात्र सगळं नराचं. डोक्यावर पिवळी टोपी मिरवत तो गवताची पाती चिरून आणतो, गाठी मारतो, घर अर्ध्यावर आलं की पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती येते, आत डोकावते, चोचीनं एखादा धागा ओढून बघते आणि मनास न आल्यास मुकाट्यानं निघून जाते. पसंत पडलंच, तर हा खाली लांब बोगदा विणून घर पुरं करून देतो. ती अंड्यांवर बसते न बसते, तोच स्वारी शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा मांडायला मोकळी! हे शेजारच्या आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, “म्हंजी घर बांधायचं यानं आन् खोट काढायची तिनं. ह्यात नवीन काय?” दुसऱ्या खोप्याविषयी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही, ओसरीवर काकू तांदूळ निवडत होत्या.

पाखराच्या या वागण्याला ‘व्यभिचार’ म्हणावं, तर बिचाऱ्यावर फिर्याद गुदरल्यासारखं वाटतं. शब्दाची जरबच तशी. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ‘व्यभिचाराचा प्रश्न’ नावाचा लेख लिहिला, तर १९३१ साली सनातन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं आणि १०० रुपये दंड झाला. प्रश्न होता तिथेच राहिला, दंड तेवढा वसूल झाला. कायद्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. दंडविधानाच्या ४९७व्या कलमात, बाईच्या नवऱ्याची संमती असेल तर व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. विचारून नेलेली कुदळ म्हणजे चोरी नव्हे, तसलाच हा न्याय. तो २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढला.

शास्त्रकारांच्या ओसरीवर मात्र हाच शब्द किती निवांत बसलेला दिसतो! जिथे अग्नी तिथे धूर, असं कुणी म्हणालं की नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रातले तर्कपंडित, तापलेला लोखंडी गोळा पुढे करतात: अग्नी आहे, धूर नाही, नियम चुकला, झाला व्यभिचार. ना बोभाटा, ना पंचायत. नाट्यशास्त्रकार भरतमुनींनी तर मनातल्या ३३ भावांना व्यभिचारी म्हटलं. चिंता, शंका, आळस, गर्व, आठवण, झोप, सगळे घटकाभर टेकून पुढच्या दारी जाणारे. त्यांत व्रीडाही आहे, म्हणजे साक्षात लाज! आणि मुनींचं म्हणणं असं, की या येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता असल्याशिवाय मनात मुक्कामाला असलेल्या स्थायी भावाचा रस होत नाही. प्रेम एकटं घरात बसून राहिलं तर नुसतं बसूनच राहतं. गार चहावरून रुसवा, उशीर झाला म्हणून घोर, जुन्या फोटोपाशी अडलेला हात, यांनीच त्याला चव येते. तेव्हा घरात दिवसाकाठी चार वेळा कुरबुर आणि पाच वेळा काळजी होत असेल, तर संसार अगदी शास्त्राप्रमाणे चालला आहे, असं खुशाल समजावं.