सासूबाई, ट्रेलर आणि पेलोड

अमेरिकेतल्या जाहिरातींत पिकअप ट्रक कायम काहीतरी ओढत असतो. बोट, घोडे, नाहीतर चाकांवरचं अख्खं घर. थांबताना तो कधीच दाखवत नाहीत. डेन्व्हरच्या आमच्या साडूभाऊंनी भला थोरला डिझेल पिकअप घेतला तो ओढण्यासाठी, पण त्या दिवसापासून ते बोलतात ते फक्त थांबण्याबद्दल.

बेत साधा होता: आय-७० महामार्गाने रॉकी पर्वत ओलांडायचा आणि डिलनच्या जलाशयाकाठी मुक्काम करायचा. मागे ७,००० पौंडांचा, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपासचा कॅम्पर. साडूभाऊ ट्रकचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर पोथीसारखं वाचू लागले. ट्रक किती ओढतो तो आकडा जाहिरातीत. पाठीवर किती सोसतो तो, म्हणजे पेलोड, इथे.

"ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडावर येतं. तेही पेलोडमध्येच धरायचं. म्हणजे हजारेक पौंड तिथेच गेले. उरलं ते माणसांना आणि सामानाला." मग वहीवर पेन्सिल टेकवून त्यांनी अत्यंत आदराने विचारलं, "आई, तुमचं वजन?"

अंगणात शांतता पसरली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "लग्नात मानपान मागितला नाहीत, त्याची कसर आता काढताय का?"

मग सगळे गाडीत बसून ट्रकवाल्यांच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर गेलो. तिथे प्रत्येक आसाखालचा भार वेगळा मोजून चिठ्ठी मिळते. ट्रकचं कळलं, ट्रेलरचं कळलं, आणि कुणा एकाचं किती ते गुप्त मतदानासारखं गुप्तच राहिलं. माझ्या बायकोने ही पद्धत फार सुसंस्कृत असल्याचं सांगितलं.

तरी साडूभाऊंचं समाधान होईना. सासूबाईंनी तांदूळ, कणिक आणि दोन कुकर कॅम्परच्या पार मागच्या कोपऱ्यात रचले होते. ते सगळं उचलून आसाच्या पुढे आणलं, कारण शेपटाकडे जड झालेला ट्रेलर वेगात डुलायला लागतो. हिचखाली साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घातल्या. ट्रेलरचा कपलर हिचच्या बॉलवरून निसटलाच, तर ट्रेलरचं नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. ट्रेलर सुटलाच तर त्याचे स्वतःचे ब्रेक लागावेत म्हणून एक बारीक तारही होती. मी नारळाचं विचारलं. "आधी दिवे," साडूभाऊ म्हणाले, आणि मला मागे उभं करून त्यांनी इंडिकेटर तपासले.

चढावर एक अठरा चाकी ट्रक शेजारून गेला आणि आमचं घर डोलू लागलं. "ब्रेक मारा!" आम्ही सगळे एकसुरात ओरडलो. त्यांनी पायाने ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि डॅशबोर्डजवळची छोटी कळ हाताने दाबली. तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून लगाम खेचल्यावर स्वारी सरळ झाली. सासूबाईंचा जप तेवढा पुढे बराच वेळ चालू राहिला.

१९७३ साली खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून थोडा वर. चढताना डिझेल इंजिनाला घाम फुटला नाही. खरी परीक्षा बोगद्यापलीकडे, सिल्व्हरथॉर्नपर्यंतच्या लांबलचक उतारावर. तिथे ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून खालचा गिअर, ओझं ओढतानाचा टो-हॉल मोड, इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक. आणि पाय अधूनमधून. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्यालगत खडीचे चढ बांधलेत. सासूबाईंनी तिकडे बोट दाखवून "आपलं वळण हेच का?" असं विचारलं, तेव्हा साडूभाऊ पहिल्यांदाच हसले.

सगळं निभावलं आणि कॅम्पवर पोचल्यावर नाटक सुरू झालं: ट्रेलर मागे घेणे. मागे जाताना ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट्या दिशेने वळतो. यावर उपाय म्हणजे हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. हात जिकडे सरकेल तिकडे ट्रेलर. हे साडूभाऊंना माहीत होतं. पण मेहुणी म्हणे डावीकडे, बायको म्हणे उजवीकडे, सासूबाई म्हणत "येऊ द्या, येऊ द्या," आणि शेजारपाजारचे गोरे घडीच्या खुर्च्या आमच्याकडे वळवून बसले होते.

वाचकहो, कुणी ट्रेलर मागे घेत असेल तर कृपा करून सूचना देऊ नका. एक माणूस पुरतो, आणि त्याने चालकाच्या आरशात दिसेल अशाच जागी उभं राहावं.