दोन तासांचे दाजी

विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला, तर स्टीम पैसे परत देतं. हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एखादं फसलेलं, हिरमुसलेलं गिऱ्हाईक असणार. आमचे दाजी नक्कीच नव्हते. असते, तर नियम झालाच नसता.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वस्ती कळंबच्या अलीकडे, घोडनदीच्या अंगाला. तालुका आंबेगाव, पण जीव सगळा जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात टांगलेला. 2023च्या जुलैत तिथे वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांवर गेला, तेव्हा कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बंगल्याचा पाया खणला, कुणी शर्यतीच्या घाटात पळवायला बैल आणला. दाजींनी ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप आणला. ताईला सांगितलं, हवामानाचा अंदाज बघायला लागतो. हवामानाचा अंदाज ते अजून मोबाईलवरच बघतात.

तेव्हापासून त्यांचं गेमचं अर्थशास्त्र क्रेटवर चालतं. पाच हजारांचा गेम त्या जुलैत अडीच क्रेटला पडत होता. क्रेट शंभरावर आला की तोच गेम पन्नास क्रेटचा होतो. त्यामुळे दाजी ‘गेम फार महागले’ म्हणाले, की गेमचे दर बघायला जाऊ नये. बाजार पडला एवढं समजावं आणि चहाला नको म्हणावं.

मग स्वस्तातला मार्ग म्हणून दोन तासांचा नियम. दाजी गेम घेतात, मोबाईलला एक तास पन्नास मिनिटांचा गजर लावतात आणि बसतात. गजराला बैलगाडा शर्यतीतल्या निवेदकाची आरोळी आहे. बारी सुटावी तसा ‘भिर्रर्र’ आवाज घरात घुमला, की गेम बंद, पैसे परत. या शिस्तीचा परिणाम असा, की जगातल्या झाडून सगळ्या गाजलेल्या गेमची सुरुवात दाजींना तोंडपाठ आहे आणि शेवट जवळपास एकाचाही माहीत नाही. मत मात्र पूर्ण गेमवर असतं.

रेड डेड रिडेम्प्शन 2 हा दाजींच्या मते बर्फाचा गेम आहे. ‘अमेरिकेत लई थंडी असती, पाव्हणं. घोडं गुडघ्याएवढ्या बर्फात. शेती नाय, झाड नाय, काय नाय.’ त्या गेमचं पहिलंच प्रकरण तेवढं बर्फात घडतं, पुढे गवताळ माळ आहेत, दलदल आहे, ट्राम धावणारं शहर आहे, हे मी एकदा सांगून पाहिलं. दाजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मीच तो गेम खेळलेला नाही अशी माझी खात्री पटली.

ब्लॅक मिथ: वुकाँग 2024च्या ऑगस्टमध्ये आला. जागा 130 जीबी लागते. वस्तीवरच्या रेंजवर तो उतरायला दिवाळी उजाडली असती. ‘तिकडं खोडदच्या दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस छत्र्या आभाळाचं बोलणं ऐकत्यात, आन् आमच्या वट्यावर फोन लागत नाय,’ असं म्हणत दाजी लॅपटॉप काखोटीला मारून नारायणगावात मित्राच्या दुकानी गेले आणि फायबरवर गेम भरून आणला. सुरुवातीलाच ढगांत घनघोर मारामारी. दाजी खूश. तरी पैसे परत मागितलेच. शेरा असा: ‘माकड चांगलंय. पण गदा पायजे व्हती, हातात काठी दिलीय.’

असॅसिन्स क्रीड शॅडोज 2025च्या मार्चमध्ये आला, जुन्या जपानातला. त्यात किल्ल्यांच्या भिंतींवरून सरसर चढून जायचं असतं. दाजी शिवनेरीच्या सावलीत वाढलेले. सात दरवाजे ओळीनं पार करून मगच वर जायचं, ही त्यांच्या हाडामांसात भिनलेली गोष्ट. ‘दरवाजा सोडून भिंतीवरनं आत येतो तो चोर,’ एवढं बोलून त्यांनी चाळीस मिनिटांतच गेम मिटला. गजर वाजायची वाटसुद्धा पाहिली नाही. हे त्यांच्या दरबारातलं सर्वांत कठोर शासन.

त्याच वर्षीच्या क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन 33ने मात्र त्यांना झोप लागू दिली नाही. फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या छोट्या कंपनीचा हा गेम. पुढे वर्षातला सर्वोत्तम म्हणून पुरस्कारही त्यालाच मिळाला. गोष्ट अशी, की एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा लिहिते आणि त्या वयाची माणसं धूर होऊन विरून जातात. आकडा वर्षाला एकाने उतरतो. आता तेहतीस चालू आहे. दाजी त्या वर्षी एक्केचाळीस. गजर वाजला, पैसे परत आले, पण दाजी खतांच्या पावतीमागे हिशोब मांडून बसले. आकडा दरसाल एकाने खाली, आपलं वय एकाने वर. चार वर्षांपूर्वी आकडा सदतीस आणि आपणही सदतीस. म्हणजे आपण तेव्हाच गेलो! त्यांनी हे गंभीर चेहऱ्यानं स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ताई मासवडीचं सारण भाजत होती. मान वर न करता म्हणाली, ‘अहो, मग परवा रात्री उसात दारं कोण धरत होतं?’

या माणसाला फार्मिंग सिम्युलेटर 25 कुणी सुचवला, ते मला माहीत आहे. पण माझं नाव ताईला कळू नये. शेतकऱ्यानं दिवसभर शेतात राबून रात्री स्क्रीनवर शेती करायची, यात विनोद आहे असं मला वाटलं होतं. दाजींना त्यात विनोद दिसला नाही, फक्त अन्याय दिसला. गेममध्ये भातखाचरं आहेत, म्हशी आहेत, शेळ्या आहेत. पण आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. ट्रॉली नेऊन ओतली की पैसे जमा. विजेचं वेळापत्रक नाही. ‘पाण्याची पाळी कुठंय?’ दाजी मेनू उलथेपालथे करून शोधत होते. शोधता शोधता त्यांना सेटिंगमध्ये एक ओळ सापडली. त्या गेममध्ये गारपीट आहे, वावटळ आहे, आणि त्यांनी होणारं नुकसान एक बटण दाबून बंद करता येतं. दाजींनी बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बाहेर ओट्यावर गारांनी भोकं पडलेला मल्चिंग पेपर घडी घालून ठेवला होता. भिर्रर्र झालं. तो गेम त्यांनी परत केला नाही. कधी उघडलाही नाही.

परत न केलेले आणखी दोन आहेत. एक राजी: ॲन एन्शंट एपिक, 2020चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. ‘आपल्या जिल्ह्यातल्या पोरांचा माल परत करायचा नसतो,’ हे दाजींचं तत्त्व. म्हणून हा एकमेव गेम त्यांनी शेवटपर्यंत खेळला. आणि नेमका त्याचाच शेवट अर्ध्यात तोडल्यासारखा आहे, अशी तो खेळणाऱ्या पुष्कळांची तक्रार आहे. दाजींची बिलकूल नाही. गेमचे शेवट असेच असतात, असा त्यांचा समज झालाय. त्याचा पुढचा भाग, राजी: कलियुग, जाहीर झाल्यापासून ते आनंदात आहेत.

दुसरा हॉलो नाईट: सिल्कसाँग. ऑस्ट्रेलियातल्या तिघा-चौघांनी 2019मध्ये जाहीर केला आणि 4 सप्टेंबर 2025ला दिला. आला त्या दिवशी गर्दीनं ऑनलाइन दुकानं कोलमडली. किंमत अमेरिकेत वीस डॉलरच्या घरात, क्रेटचा भाव कितीही पडला तरी परवडणारी. पण परत न करण्याचं कारण ते नव्हे. हातात सुई घेतलेली हॉर्नेट एका किड्याकडून मार खात होती. दाजी इरेला पेटले होते. गजर वाजला, त्यांनी तो बंद केला. ‘ह्याला लोळवतो, मग परत करतो.’ किडा अजून उभा आहे.

संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांवरची कॉलेजची पोरं ओट्यावर जमतात ती मात्र न आलेल्या गेमसाठी. तिथे दाजींचा खरा अधिकार, कारण न आलेला गेम कुणीच दोन तासांपेक्षा जास्त खेळलेला नसतो. मुख्य विषय जीटीए 6. पहिला ट्रेलर 2023च्या डिसेंबरात आला. आधी 2025 म्हणाले, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. पोरं चिडतात, रॉकस्टारला शिव्या घालतात. दाजी शांत. डिंभ्याच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हे ज्यानं वीस वर्षं ऐकलंय, त्याला तारखेचं काय? त्यांची हरकत वेगळीच आहे. ‘मे बरा व्हता. जत्रा उरकल्या, कांदा वखारीत पडला, माणूस मोकळा. नोव्हेंबरात कांद्याच्या लागणी. बायामाणसं मिळत नायत, तिथं गेम कोण खेळंल? त्या लोकांनी कुणाला तरी इच्यारायचं तरी.’

राहता राहिले भुताखेतांचे गेम. ते दाजी परत करायचे कारण त्यांना भीतीच वाटायची नाही. रेझिडेंट ईव्हिल व्हिलेज लावला, त्यात अंधारं गाव, वाळल्या शेतातून चालत येणारी लांडगेमाणसं. दाजींना जांभई आली. आठवडा रात्रपाळीच्या लाईटचा. थ्री फेज येणार मध्यरात्री, तेव्हा उसाच्या कडेनं बॅटरी आणि काठी घेऊन, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून मोटार चालू करायला जायचं. इथल्या उसात बिबट्या वाढतो, पिल्लं देतो, माणसं मारतो. ही काही थट्टेची गोष्ट नाही; दिवसा वीज द्या, असं दोन्ही तालुके उगाच ओरडत नाहीत. ‘त्यात मेलं तर मागनं चालू करता येतंय,’ दाजी म्हणाले, ‘मग भ्यायचं कशाला?’ आणि कानाला हेडफोन लावले.

बाराच्या सुमारास लाईट आली. ताईनं दोन हाका मारल्या. हेडफोनमुळे ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं मागून येऊन खांद्यावर हात ठेवला.

दाजींनी काढलेला आवाज शेजारच्या तिन्ही वस्त्यांवर पोचला. माणसं काठ्या, पत्र्याचे डबे आणि दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब घेऊन धावली. बिबट्या घरात शिरला अशी वार्ता अर्ध्या तासात गावभर झाली. दाजींना खरं सांगायला सवड होती, पण जमलेल्यांत ओट्यावरची पोरं होती. दाजींनी सावकाश बॅटरीचा झोत उसाकडे टाकला आणि म्हणाले, ‘मोठा व्हता.’

सकाळी वनरक्षक ठसे बघायला आले. बांधापर्यंत फिरले, वाकून वाकून पाहिलं, काही सापडलं नाही. तेवढ्यात खोलीतून सिल्कसाँगच्या वेळचा, कधीच नीट बंद न झालेला गजर भिर्रर्र करून वाजला. पिंजरा कुठे लावावा म्हणता, असं वनरक्षकांनी दाजींना विचारलं. दाजी घसा खाकरत होते. ताईनं चहाचे कप पुढे ठेवले आणि म्हणाली, ‘लावायचा तर त्या खोलीत लावा साहेब. आणि आत शेळी नको, चार्जर ठेवा.’